अळंब्यांचा ठाव आणि चाळीस माड

वरचीवाडी, ता. लांजा
१४ मे २०२४

चि. सौ. गुणवंती हिस,
गंगारामचे अनेक आशीर्वाद. एकाच आईच्या पोटचे आहोत म्हणून देतो, घ्यायचे की नाही ते तुझं तू बघ.

तुझ्या वकिलांचा निरोप मिळाला, यापुढे जे काय बोलायचं ते लेखी बोला. उत्तम झालं. तीस वर्षं पोस्टमन म्हणून दुसऱ्यांची पत्रं वाटली, आता स्वतःची लिहितो. फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नव्हतीस, कागदावर तरी मध्ये तोंड घालता येणार नाही.

काल मोजणीवाला येऊन खुंट्या मारून गेला. मागच्या महिन्यात मीच तुला म्हणालो होतो, की हिस्सा हवा ना तुला, मग उचल कुठला उचलायचा तो तुकडा, मी हूं की चूं करणार नाही. रागात बोललो, पण बोललो. मला वाटलं तू काजूचा तुकडा घेशील, नाहीतर रस्त्याकडचा. कुठल्याही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. तू घेतलास राईकडचा, जिथे कातळ, करवंदीच्या जाळ्या आणि पाच वारुळं याशिवाय काही नाही. वर वाडीतला रघू सांगतो की तू तिथे पावसहून माडाची चाळीस रोपं आणणार आहेस आणि खड्डे मारायचं काम त्यालाच दिलं आहेस.

बाय, त्या तुकड्यात बाबांचा ठाव आहे. अळंबी दर श्रावणात जिथे वर येतात ती जागा. आपल्या घराची रीत तुला माहीत आहे. ठाव एकालाच सांगायचा, बापाने मुलाला, आणि तोही हातपाय थकल्यावर. तिथे पहार मारायची नाही, विस्तव न्यायचा नाही, जोरात बोलायचंसुद्धा नाही. तुझे चाळीस खड्डे पडले की तिथे पुन्हा एक टोपी वर यायची नाही.

आणि लावणार काय, तर माड! माडाला खाऱ्या हवेची सवय. त्याला पाणी हवं, राख हवी, मासळीचं खत हवं, वर चढणारा माणूस हवा, आणि एवढं करून तो सगळं डोक्यावर घेऊन उभा राहतो, खालच्याला सावली म्हणून नाही. अळंबी कुणी लावत नाही, कुणी शिंपत नाही. चार दिवस येतात, घर खातं, शेजार खातो, नाहीशी होतात. मागे आवाजसुद्धा राहत नाही. मला विचारशील तर जगावं अळंब्यांसारखं.

काजूचा तुकडा घे. वर घराजवळची आंब्याची दोन कलमं घे. तो तेवढा सोड.

कळावे. लोभ होता तेवढाच राहू दे, वाढवण्याची घाई नाही.

तुझा दादा,
गंगाराम


पावस
२० मे २०२४

तीर्थरूप दादास,
गुणवंतीचा शि. सा. न. वि. वि. नमस्कार आईने शिकवला म्हणून लिहिला, नाहीतर हात वळत नव्हता.

म्हणे जगावं अळंब्यांसारखं! तू जगतोसच तसा. वर्षभर कुठे दिसत नाहीस, एकदम चार दिवस उगवतोस आणि सगळ्यांनी कौतुक करावं अशी अपेक्षा.

तिथे ठाव आहे म्हणून सोड म्हणतोस. अरे, ठाव आहे म्हणूनच तर घेतला. काजू मला काय करायचे आहेत?

मी आठ वर्षांची होते. तुला जळवांची भीती, तू पावसात राईकडे फिरकायचा नाहीस. बाबांबरोबर रोवळी घेऊन मी जायचे. राईच्या तोंडाशी एक काळा दगड आहे, त्यावर ते मला पाठ करून बसवायचे आणि सांगायचे, वळायचं नाही. मी वळले नाही. पाच पावसाळे मी त्या दगडावर बसले, पायाला जळवा लागल्या तरी वळले नाही. मग ते परत यायचे, रोवळी भरलेली असायची, ती डोक्यावर घेऊन मी घरी यायचे. चुलीपुढे बसून पहिलं अळंबं कोण खायचं? तू. कारण ठाव पुढे तुला मिळायचा होता. मी शहाणी मुलगी होते त्याचं हे फळ. एकदा मान वळवली असती तर आज तुझ्यापुढे पदर पसरावा लागला नसता.

बाबा गेले तेव्हा तेराव्याला मी तुला विचारलं, सांगितला का रे? तू मान हलवलीस. तीस वर्षं गावभर लोकांचे निरोप पोचवलेस, बाबांचा एवढा एक निरोप मात्र पोटात ठेवलास.

आता माडाबद्दल. उचलली जीभ लावली टाळ्याला. माड काय देत नाही ते सांग. नारळ देतो, खोबरं देतो, तेल देतो. झाप देतो, हिराची केरसुणी देतो, काथ्या देतो, करवंटीचा डाव देतो. मेला तरी त्याचे वासे होतात, तुळई होते. माझ्या सासूबाई म्हणायच्या, घरात एक मुलगा कमी असला तरी चालेल, दारात माड हवा. तुझी अळंबी सकाळी आणली नाहीत तर संध्याकाळी काळी पडतात. दोन दिवसांत जी कुजते तिला तू श्रीमंती म्हणतोस!

पस्तीस वर्षं दर आषाढात मी तुला दोन डझन नारळ पाठवते, सोललेले, पाणी वाजवून बघितलेले. त्यावर तू श्रावणात एसटीच्या कंडक्टरकडे सागाच्या पानातला पुडा देतोस. राजाने बिदागी द्यावी तसा. ह्यांना त्याचं कालवण फार आवडतं, म्हणून मी आजवर गप्प बसले.

तर माझं म्हणणं एवढंच. तू ये, माझ्याबरोबर राईपर्यंत चल, आणि ठाव मला दाखव. एकदाच. मी तो तुकडा त्याच दिवशी तुझ्या नावावर परत करते, काजूही नकोत, कलमंही नकोत. नाही दाखवलास तर सात जूनला रोपं टेम्पोत चढतील.

यंदा नारळ पाठवणार नाही. लोभाची तर गोष्टच सोड.

गुणवंती


वरचीवाडी
२७ मे २०२४

चि. सौ. गुणवंती हिस,
अनेक आशीर्वाद. यातले निम्मे जावईबापूंना दे, त्यांनी तुझ्याबरोबर चाळीस वर्षं काढली.

तुझी अट वाचली. होणार नाही.

ठाव बोटाने दाखवायचा नसतो. बोट दाखवलं की अळंबी पुढच्या वर्षी जागा सोडतात, हे बाबांच्या तोंडून तूही ऐकलं आहेस. आणि लेकीला सांगायचा नसतो. लेक सासरी जाते, तिच्याबरोबर ठाव सासरी जातो, मग सासरचे रोवळ्या घेऊन दारात उभे. रीत मी केलेली नाही. आजोबांनी आत्याला सांगितला नाही, बाबांनी तुला सांगितला नाही, मी तुला सांगत नाही. त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे?

तुझी वहिनी हौसा म्हणते, द्या दाखवून, संपवा एकदाचं, म्हातारपणी कशाला ही बोंब. तिला काय जातं बोलायला. मी तिला म्हटलं, तू यात पडू नकोस. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तुझ्यामुळे माझ्याच घरात मला वाढून घ्यावं लागलं.

माडाची आरती वाचली. एवढी नावं तर सत्यनारायणाच्या पोथीतही नसतील. पण त्यात एक राहिलं. माड खालच्याला फुटकं डोकंही देतो. आणि कातळावर माड लावणं म्हणजे होडीला चाकं लावण्यापैकी आहे. आमच्या उघड्या सड्यावर ऊन कसं असतं ते पावसच्या आगरात बसून कळत नाही. चाळीसांतले चार जगले तर मी तुझ्या दारात येऊन नाक घासेन.

पुन्हा सांगतो, काजू घे. रस्त्याकडचाही घे, दोन्ही घे. राईकडे पहार लावू नकोस. हे मी भांडणात सांगत नाही, गुणवंती. हात जोडून सांगतो. मोठा भाऊ हात जोडतो म्हणजे काहीतरी असेल एवढं तरी समज.

कळावे. लोभ न जमल्यास निदान थांब.

गंगाराम


पावस
१० जून २०२४

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि. साष्टांगातली दोन-तीन अंगं यंदा दुखतायत, तेवढी सोडून बाकीचा नमस्कार.

हात जोडतोस, पण दाखवत नाहीस. सगळं द्यायला तयार, दोन तुकडे, कलमं, सगळं. नुसतं राईपर्यंत चालत जाऊन एक जागा सांगायला तयार नाहीस. म्हणजे जमिनीपेक्षा मला काही न सांगणं तुला मोलाचं. मग मीही ठरवलं.

रोपं लागली. चाळीसच्या चाळीस. मी स्वतः दोन दिवस रघूबरोबर उभी होते. तुझ्या घरावरून दोनदा गेले, वहिनी पडवीत होती, तिने पाणी विचारलं, मी घेतलं. तू मागच्या दाराने गोठ्यात गेलास ते मला दिसलं. पोस्टमन असून दारात आलेल्याला चुकवतोस!

प्रत्येक खड्ड्यात वाळू, राख, मूठभर मीठ घातलं. तिसऱ्या रांगेत मोठं वारूळ आडवं आलं, तुझ्या खांद्याएवढं उंच होतं. रघू म्हणाला, काकी, ही वाळवी पहिल्या पावसात रोपांच्या मुळ्या खाऊन टाकेल. म्हटलं, फोड. त्याने पिकाव घातला. आत काय काय होतं म्हणून सांगू! भिंती, बोळ, आणि मधल्या पोकळीत स्पंजासारखे तपकिरी गड्डे, एकावर एक. त्यांच्यावर सगळीकडे पांढरे दाणे, साबुदाण्याएवढे. वाळवीची अंडी असणार. मला किळस आली. मी पावसहून वाळवीचं औषध नेलं होतंच, ते दोन बादल्या पाण्यात कालवून सगळं आत ओतलं. संध्याकाळपर्यंत आत काही हलेना. उरलेल्या चार वारुळांना औषध पुरलं नाही, ती तशीच आहेत.

आता तुझा ठाव त्या तुकड्यात कुठेही असू दे. श्रावणात तिथे जायचं तर माझ्या कुंपणातून माझी परवानगी घेऊन जावं लागेल. मी काळ्या दगडावर बसेन, आणि तू जाताना मी मान वळवून बघणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते.

लोभ मागत नाही. मिळणार नाही ते मागायची मला सवय नाही.

गुणवंती


वरचीवाडी
१५ जून २०२४

चि. सौ. गुणवंती हिस, आशीर्वाद.

पत्र मिळालं. एकच विचारायचं आहे. ते पांढरे दाणे साबुदाण्याएवढे होते असं तू लिहितेस. भिजवलेल्या साबुदाण्याएवढे की कोरड्या? आणि गड्डे हाताला मऊ होते का? नीट आठवून लिही.

बाकी ठीक.

गंगाराम


पावस
१९ जून २०२४

तीर्थरूप दादास, नमस्कार.

कोरड्या. गड्डे मऊ होते. तुला खिचडी करायची आहे का?

तुझी तब्येत बरी आहे ना? शिव्या दिल्या नाहीस म्हणून विचारते.

गुणवंती


पावस
१२ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप दादास,
नमस्कार असं लिहायची रीत आहे, तेवढं लिहिलं. पुढचं रीतीत बसणारं नाही.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी कंडक्टर तुझा पुडा देऊन गेला. सागाची पानं, वर केळीचं सोपट, आत अळंबी, नेहमीसारखी. मी पायरीवरच बसले. तू माझ्या तुकड्यात आला नाहीस. श्रावण लागल्यापासून रघूला मी तिथे राखणीला बसवलं होतं, तुझी सावलीही पडली नाही असं तो शपथेवर सांगतो. मग ही आली कुठून?

म्हणजे ठाव राईकडे नव्हताच! तू मला बनवलंस. हात काय जोडलेस, दोन-दोन तुकडे काय देऊ केलेस, सगळं सोंग! खरा ठाव तुझ्या दुसऱ्या कुठल्या कोपऱ्यात सुखरूप आहे, आणि मी बावळट कातळावर माड लावून बसले. तू वहिनीबरोबर पडवीत बसून हसला असशील. चांगला भाऊ दिला देवाने.

आणि आणखी एक गोष्ट लिहिते, ती वाचून तुला फार आनंद होईल. ते वारूळ मारल्यापासून मला झोप नव्हती. तुझ्या त्या साबुदाण्याच्या पत्रानंतर तर नाहीच. दिवा लावायला बसले की ते गड्डे डोळ्यांपुढे यायचे. मला वाटायचं, बाबांचं काहीतरी मी स्वतःच्या हाताने मारलं. ह्यांना सांगितलं नाही, पोरांना सांगितलं नाही. पुडा उघडला तेव्हा आधी हुश्श झालं, मग संताप आला. हुश्श झालं ते जास्त लागलं.

अळंब्यांना मी हात लावणार नव्हते. ह्यांनीच कालवण केलं. खोटं कशाला बोलू, दोन घास खाल्ले. चव तीच.

आता मला खरं काय ते हवं. तुला बाबांची शपथ आहे. ठाव कुठे आहे ते नको सांगूस, पण राईकडे होता की नव्हता तेवढं लिही. शपथ मोडलीस तर माझं तोंड पाहू नकोस.

गुणवंती


वरचीवाडी
१७ ऑगस्ट २०२४

चि. सौ. गुणवंती हिस, आशीर्वाद.

शपथ घातलीस, आता लिहितो. शपथ घातली नसतीस तर लिहिणार नव्हतो, आणि तुझ्या दृष्टीने तेच बरं झालं असतं.

मला ठाव माहीत नाही. कधीच माहीत नव्हता.

बाबा दर वर्षी म्हणायचे, यंदा दाखवतो. मग म्हणायचे, अजून तुझा पाय हलका नाही, पुढच्या वर्षी. त्या ज्येष्ठात ते अंगणात पडले, त्यांची वाचा गेली. तीन दिवस माझ्याकडे बघून डावा हात हलवत होते. मला वाटलं पाणी मागतायत. मी चमच्याने पाणी पाजत राहिलो. ते तोंड मिटायचे, मी पुन्हा चमचा लावायचो. त्यांच्या खाटेवरून डाव्या हाताला राई येते, हे दिवसपाणी झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

तेराव्याला तू विचारलंस, सांगितला का? सगळे बसले होते. बापाने ज्याला काही सांगितलं नाही असा मुलगा म्हणून मला तिथे बसवेना. मी मान हलवली. लोक म्हणतात झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी मूठ पस्तीस वर्षं झाकलेली होती आणि आत वारासुद्धा नव्हता.

मग तुला पुडा पाठवणं आलं. मी राईकडे जळवा लावून घेत हिंडलो, पाय सुजले, मिळालं काही नाही. फाट्यावर गंगुबाई अळंबी घेऊन बसते. तिला मी तू पाठवलेले नारळ दिले, तिने मला अळंबी दिली, ती मी सागाच्या पानात बांधून तुला पाठवली. पहिल्या वर्षी वाटलं, एवढं एकच वर्ष. ते पस्तीस वर्षं चाललं. तुझ्या माडाला मी इतकं बोललो, पण तू दर श्रावणात जी अळंबी खाल्लीस ते तुझेच नारळ होते.

यंदा नारळ नव्हते. मी गंगुबाईपुढे रिकाम्या हाताने उभा राहिलो. तिने काही न विचारता पुडा बांधून दिला, म्हणाली, बहिणीला धाडायचा असेल ना. म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

आता तुझा प्रश्न. राईकडे होता की नव्हता. गंगुबाईने स्वतःचा ठाव मला कधी सांगितला नाही, पण खूण सांगितली होती. म्हणाली, वारूळ वरून कुणाला ओळखू येत नाही. फुटलेलं दिसलं आणि आत मऊ गड्ड्यांवर कोरड्या साबुदाण्यासारखे दाणे असले, की समज, त्या दाण्यांचीच अळंबी होतात. म्हणून मी तुला ते विचारलं. मी पस्तीस वर्षं जे शोधलं ते तुला एका दुपारी सापडलं, आणि त्याच दुपारी तू त्यावर दोन बादल्या ओतल्यास. तुझ्या पत्रातून मला बाबांचा ठाव कळला. तो मेल्याचंही त्याच पत्रातून कळलं.

पुडा का पाठवला? पाठवला नसता तर तुला कळलं असतं तू काय मारलंस. ते कळू नये म्हणून पाठवला. आणि मला काही माहीत नव्हतं ते झाकायलाही पाठवला. यातलं खरं कुठलं ते मला विचारू नकोस, दोन्ही आहेत.

तू लिहिलं होतंस, ठाव दाखव, तुकडा परत देते. मला तीन शब्द लिहायचे होते, मला माहीत नाही. ते लिहिले असते तर वारूळ उभं असतं. नाही लिहिले. तेव्हा औषध तू ओतलंस आणि बादली मी धरली होती असं समज. पण माफी मी मागणार नाही, कारण तूही मागणार नाहीस, आणि धाकट्याने आधी मागायची असते.

यापुढे नारळ पाठवू नकोस. पुडा येणार नाही. लोभाविषयी काही लिहीत नाही, लिहिण्यासारखं उरलेलं नाही.

गंगाराम


पावस
२९ जुलै २०२५

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

अकरा महिने लिहिलं नाही. तुझं पत्र वाचलं तेव्हा आधी फाडायला घेतलं, मग ते चमच्याचं वाचलं आणि ठेवलं. मला रडू आलं, लपवत नाही. पण ते तुझ्यासाठी नव्हतं. बाबा तीन दिवस तोंड मिटत होते आणि तू पाणी घालत होतास! मला का नाही हाक मारलीस त्या दिवसांत? मी पावसला होते, चंद्रावर नव्हते. त्या खाटेजवळ मी असते तर हात कुठे जातोय ते मला कळलं असतं. पाच पावसाळे मी त्याच बाजूला पाठ करून बसले होते. हे मी तुला माफ केलेलं नाही आणि करणार नाही.

माडाचं म्हणशील तर तू जिंकलास, घे. साळिंदराने बावीस उकरले, बाकीचे उन्हाने गेले. चाळीसांतले तीन उभे आहेत. चार जगले तर नाक घासणार होतास, एकाने वाचलास. ह्यांना सांगू नकोस, ते अजून हसतायत.

आज नागपंचमीला नातीला, सानवीला, घेऊन मी तिथे आले होते. पहिल्या एसटीने आले, दुपारच्याने परत आले. तुझ्या घरी आले नाही, मुद्दामच. वाटेत गंगुबाई बसली होती, तिला मी पाच नारळ दिले आणि काही घेतलं नाही. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मोठं वारूळ खचून ढीग झालाय. तिथे मी चप्पल काढून उभी राहिले. आत काही नाही. ते गेलं, दादा. ते मीच घालवलं.

मग मी सानवीला काळ्या दगडावर बसवलं. ती नऊ वर्षांची आहे, मी तिला वळू नकोस असं सांगितलं नाही. मी जाळ्यांतून पुढे गेले आणि तुकडाभर फिरले. त्या चार वारुळांना औषध पुरलं नव्हतं ते मी तुला कळवलं होतं. त्यांपैकी एकाशी, कुठल्या ते लिहीत नाही, पालापाचोळा उचलला गेला होता आणि खाली पांढरं दिसत होतं. मी गुडघ्यांवर बसले. ह्या वयात बसले की उठवत नाही, तरी बसले. मिटलेल्यांना हात लावला नाही, उघडलेली तेवढी घेतली, आणि एक राईतल्या देवाला ठेवलं, बाबा ठेवायचे तसं. मागे वळले तर सानवी दगडावरून उतरून माझ्या पाठीशी उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. मी तिच्या डोक्यावर रोवळी दिली.

सोबतच्या पुड्यात बारा अळंबी आहेत. कंडक्टरला संध्याकाळच्या आत द्यायला सांगितलं आहे, काळी पडायच्या आधी वहिनीला कालवण करायला सांग. पहिलं अळंबं तिने खायचं, तू नंतर. आंब्याची कोय टाक म्हणावं, आई टाकायची. ही कुणाच्या नारळांची नाहीत. राखी वेगळी पाठवलेली नाही. पुड्याला दोरा आहे, तेवढा पुरे.

कुंपणावरून डोकावू नकोस. रघूला विचारू नकोस, त्याला माहीत नाही. मला तर विचारूच नकोस. ठाव एकालाच सांगायचा असतो, आणि मी सानवीला सांगितला आहे.

कळावे. लोभ तुझ्याकडे असेल तर तिथेच असू दे, माझ्याकडचा मी बघते.

तुझी,
गुणवंती